मॅलाहाइडची गोल टेबलं

डब्लिनच्या उत्तरेला समुद्राकाठी मॅलाहाइड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रँड हॉटेलात २०१६च्या नोव्हेंबरपासून २०१७च्या एप्रिलपर्यंत पाच वेळा, शनिवार-रविवार धरून, नव्व्याण्णव माणसं जमत राहिली. बहुतेकांची आधी एकमेकांशी तोंडओळखही नव्हती. कोणी विद्यार्थी, कोणी निवृत्त, कोणी घर सांभाळणारी, कोणी आठवडाभर कामावर राबून शनिवारची सुट्टी इथे घालवायला आलेला. यातलं कोणीही लोकांच्या मतांवर निवडून आलेलं नव्हतं. दालनात गोल टेबलं मांडलेली असत, एकेका टेबलाला सात-आठ जण. आणि टेबलावर जो विषय होता, त्याच्यावरून आयर्लंडमध्ये तीस-पस्तीस वर्षं भावाभावांत, सासूसुनांत, शेजाऱ्याशेजाऱ्यांत अबोला धरला गेला होता. तो विषय म्हणजे गर्भपात.

ही आयर्लंडची नागरिक सभा. समाज दुभंगला की सलोख्याची आवाहनं करणारे पुष्कळ भेटतात. आवाहन ऐकून कोणी आपलं मत तपासून पाहिल्याचं मला तरी आठवत नाही. आयर्लंडने एक बसायची जागा तयार केली, तिथे बसायची रीत ठरवली आणि ती रीत पाळली. म्हणून ती जागा कशी होती आणि ती रीत काय होती, हे जवळून पाहायला हवं.

आधी थोडं ध्रुवीकरणाबद्दल. मतभेद आणि ध्रुवीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मतभेद असला की माणूस म्हणतो, ‘तुझं चुकतंय.’ ध्रुवीकरण झालं की तो म्हणतो, ‘तू तसलाच.’ अमेरिकेतले राज्यशास्त्रज्ञ शांतो अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा फरक मोजायला एक साधा प्रश्न वापरला, आपल्याला चटकन कळेल असा: तुमच्या मुलाची किंवा मुलीची सोयरीक विरोधी पक्षाच्या घरात जुळली तर तुम्हाला वाईट वाटेल का? १९६० साली जेमतेम ५ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं होतं. २०१०पर्यंत रिपब्लिकनांपैकी जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी एक तृतीयांश लोक ‘हो’ म्हणू लागले. मत कोणत्याही बाजूचं असो, समोरच्याविषयीची अढी वाढलेली होती. ही अढी एकदा बसली की समोरचा काय बोलतो हे ऐकूच येत नाही. तो कोण आहे एवढंच दिसतं.

आयर्लंडमधली अढी जुनी होती. १९८३च्या सप्टेंबरमध्ये तिथे सार्वमत झालं आणि राज्यघटनेत आठवी दुरुस्ती आली. पोटातल्या जिवाला आणि आईला जगण्याचा समान हक्क आहे, असं त्या कलमाचं सार. तेव्हाचे महाधिवक्ता पीटर सदरलँड यांनी सांगून पाहिलं होतं, की हे शब्द संदिग्ध आहेत, पुढे यातून गुंते होतील. ६६.९ टक्के लोकांनी दुरुस्तीच्या बाजूने मत दिलं. प्रचार इतका कडवट झाला, की पुढची कित्येक वर्षं पुढारी तो विषय काढायलाच धजेनात. घटस्फोटाचंही तसंच. १९८६ साली लोकांनी घटस्फोटाची तरतूद फेटाळली. १९९५ साली ती मंजूर झाली ती सोळा लाखांवर मतांतून अवघ्या ९,११४ मतांच्या फरकाने. देशाचे सरळ दोन तुकडे पडलेले, आणि मधली रेघ घराघरांतून गेलेली.

सदरलँड म्हणाले होते तसे गुंते झालेच. १९९२ साली बलात्कारातून गरोदर राहिलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला इंग्लंडला जाऊन गर्भपात करता येऊ नये म्हणून न्यायालयाने मनाई हुकूम दिला. ती जिवाचं बरंवाईट करून घेईल हे दिसल्यावर सर्वोच्च न्यायालयाने तो उठवला. पण कायदा जिथल्या तिथेच राहिला आणि बायका बोटीत किंवा विमानात बसून ब्रिटनला जात राहिल्या. १९८० ते २०१६ या काळात तिथल्या दवाखान्यांत आयर्लंडचा पत्ता लिहून देणाऱ्या बायका दीड लाखाहून जास्त होत्या. इतक्या घरांत ही गोष्ट घडत होती आणि चव्हाट्यावर तिचा उच्चार होत नव्हता.

मग २०१२चा ऑक्टोबर आला. बेळगावहून गेलेली सविता हलप्पनवार, वय ३१, पेशाने दंतवैद्य, गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाली. सतरावा आठवडा चालू होता आणि गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झालं होतं. तिने आणि तिच्या नवऱ्याने गर्भपाताची विनंती केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत तोवर तसं करता येणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. २८ ऑक्टोबरला रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाने सविता गेली. बेळगावचं नाव निघालं की आपल्याला सीमाप्रश्न आठवतो. त्या वर्षी आयर्लंडच्या रस्त्यांवर हजारो लोक मेणबत्त्या घेऊन उभे राहिले ते बेळगावच्या एका लेकीसाठी. तिच्या मृत्यूनंतर २०१३ साली एक कायदा झाला, पण तो आईच्या जिवाला धोका असेल तेवढ्यापुरताच. घटनेतलं कलम बदलायचं तर सार्वमत हवं, आणि सार्वमत घ्यायचं तर कोणत्या तरी पक्षाने पुढे व्हायला हवं. प्रत्येक पक्ष आतून फुटलेला. एका बाजूने बोलावं तर दुसरी बाजू तुटणार, गप्प राहावं तर दोन्ही बाजू चिडणार. आमदार-खासदारांना यात दोष देणं सोपं आहे, पण दर पाच वर्षांनी ज्याला मतं मागायची आहेत त्याला शंका बोलून दाखवण्याची मुभाच नसते. त्याला ठाम दिसावं लागतं. ध्रुवीकरणाची खरी गाठ इथे आहे असं मला वाटतं: निर्णय ज्यांच्या हातात, त्यांनाच मन बदलणं सगळ्यांत महाग पडतं.

ही गाठ सोडवायची युक्ती आयर्लंडने एकदम शोधली नाही. २०११ साली काही राज्यशास्त्रज्ञांनी, त्यांत डेव्हिड फॅरेल आणि जेन सूटर ही नावं ठळक, शंभर सामान्य नागरिकांना बसवून एक प्रयोग केला. लोकांना वेळ आणि माहिती दिली तर ते अवघड प्रश्नांवर नीट विचार करतात, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. त्याआधी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००४ साली निवडणूक पद्धतीवर अशीच १६० नागरिकांची सभा भरवली होती. त्याहीआधी, फार आधी, अथेन्समध्ये पाचशे जणांचं मंडळ सोडतीने निवडलं जायचं. म्हणजे कल्पना जुनीच. आयर्लंडने ती सर्वांत नाजूक जागी वापरली.

२०१२ ते २०१४ या काळात तिथे राज्यघटनेवर विचार करायला शंभर जणांचं एक अधिवेशन बसलं होतं: ६६ नागरिक, ३३ लोकप्रतिनिधी आणि एक अध्यक्ष. समलिंगी विवाह हा त्यातला एक विषय. कॉर्क भागातला एक साठीकडे झुकलेला माणूस त्यात निवडला गेला होता. लहानपणी एका पुरुषाने त्याच्यावर अत्याचार केले होते आणि तेव्हापासून समलिंगी माणूस आणि तो अत्याचारी हे त्याच्या मनात एकच होऊन बसले होते. हे त्याने पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितलं. पहिल्या दिवशी त्याच्या टेबलावर एक समलिंगी तरुण होता. त्याला पाहून उठून जावंसं वाटलं, तरी तो बसून राहिला. जेवण, चहा, पुन्हा चर्चा, पुन्हा चहा, असं करत महिन्यांमागून महिने गेले. एक दिवस हा माणूस सगळ्या सभेसमोर उभा राहिला आणि समलिंगी विवाहाच्या बाजूने बोलला. दोघांची मैत्री झाली ती टिकली. अधिवेशनाने बदलाची शिफारस केली आणि २०१५च्या मे महिन्यात ६२ टक्के लोकांनी ती सार्वमतात मान्य केली.

त्या माणसाचं मत कोणत्याही युक्तिवादाने बदललं नसतं. त्याच्या मनात एक चेहरा होता, त्या जागी दुसरा चेहरा यायला हवा होता. आणि तो यायला वेळ लागतो, एकाच टेबलावर जेवावं लागतं.

आता मॅलाहाइडकडे येऊ. नव्व्याण्णव जण निवडले ते एका पाहणी करणाऱ्या कंपनीने, देशाच्या निरनिराळ्या भागांत घरोघर फिरून. वय, स्त्री-पुरुष, प्रदेश आणि सामाजिक स्तर यांचं देशात जे प्रमाण, साधारण तेच सभेत. सदस्यांना मानधन नव्हतं, राहण्या-जेवणाचा आणि प्रवासाचा खर्च तेवढा सरकारचा. अध्यक्ष म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश मेरी लॅफॉय. सुरुवातीलाच कामकाजाची तत्त्वं ठरली: खुलेपणा, न्याय्य वागणूक, प्रत्येकाच्या बोलण्याला सारखं वजन, कामातली शिस्त, आदर आणि सौहार्द. कागदावर अशी तत्त्वं सगळीकडेच असतात. इथे ती पाळली जावीत म्हणून प्रत्येक टेबलाला एक समन्वयक आणि एक टिपणं घेणारा दिलेला होता. समन्वयकाने आपलं मत सांगायचं नाही. जो फार बोलतो त्याला थांबवायचं आणि जी गप्प आहे तिला विचारायचं, एवढंच त्याचं काम.

यातली गोल टेबलाची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण मी ती क्षुल्लक मानत नाही. आमच्या सोसायटीत पुनर्विकासाचा विषय निघाला तेव्हा सभा झाली ती गच्चीवर, खुर्च्यांच्या रांगा आणि पुढे एक माइक अशी. ज्याच्या हातात माइक, तो पुढच्या माणसाला समजावण्यासाठी बोलत नव्हता, मागे बसलेल्या आपल्या गटाच्या टाळ्यांसाठी बोलत होता. दोन तासांत दोन गट पक्के झाले आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये लोक मोबाइलकडे बघत उभे राहू लागले. पुढे एका संध्याकाळी आम्ही दोन्हीकडचे चौघे-पाच जण पार्किंगमध्ये एका जुन्या टेबलाभोवती बसलो, करारनाम्याचा मसुदा मधोमध ठेवून. कार्पेट एरियाचं कलम मोठ्याने वाचलं. मग भाड्याचं. मग काम रखडलं तर काय, याचं. पाऊण तासाने ध्यानात आलं, की आमच्यापैकी कोणीच तो मसुदा पूर्ण वाचलेला नव्हता, आणि काम रखडलं तर काय, हा प्रश्न विरोधकांइतकाच समर्थकांनाही छळत होता. त्या दिवशी एकमत झालं नाही. पण प्रश्न एकच आहे हे कळलं. मॅलाहाइडची टिपणं वाचताना मला ते पार्किंगमधलं टेबल सारखं आठवत होतं.

मॅलाहाइडला भाषणं सगळ्या देशाला दिसत असत. डॉक्टर, कायदेतज्ज्ञ, नीतिशास्त्राचे अभ्यासक येऊन बोलत आणि त्याचं थेट प्रक्षेपण होई. टेबलावरची चर्चा मात्र बंद दाराआड. ही विभागणी फार विचारपूर्वक केलेली होती. माहिती सगळ्यांसमोर यावी आणि शंका मात्र खाजगीत मांडता यावी. कॅमेऱ्यासमोर माणूस आपली बाजू लढवतो, टेबलावर तो ‘मला हे नीट कळलं नाही’ असं म्हणू शकतो. सभा चालू असेपर्यंत सदस्यांनी या विषयावर वर्तमानपत्रांशी बोलायचं नाही, हेही ठरलेलं होतं. एका शनिवार-रविवारी दोन्ही बाजूंच्या मिळून सतरा संघटनांनी आपलं म्हणणं मांडलं. या प्रसंगातून गेलेल्या सहा बायकांचे आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकवले गेले. कोणी गर्भपात केलेली, कोणी न केलेली. देशभरातून बारा हजारांहून अधिक लेखी निवेदनं आली.

आणि मग मतदान, तेही एका झटक्यात नाही. रस्त्यावर प्रश्न असा असायचा: गर्भपाताच्या बाजूने की विरोधात? सभेत त्याचे तुकडे केले गेले. कलम आहे तसं ठेवावं का? नसेल ठेवायचं तर काढून टाकावं की बदलावं? बदलायचं तर कशात? संसदेला कायदा करण्याचा अधिकार द्यावा का? दिला तर कोणत्या कारणांसाठी, कितव्या आठवड्यापर्यंत? दहाहून अधिक कारणं, प्रत्येकावर वेगळं गुप्त मतदान. मतपत्रिकेवरचे शब्द कसे असावेत याचाही सदस्यांनी काथ्याकूट केला. ज्याला बलात्काराच्या बाबतीत मुभा द्यावीशी वाटते पण आर्थिक अडचणीपुरती द्यावीशी वाटत नाही, अशा माणसाला रस्त्यावरच्या मोर्चात उभं राहायला जागा नव्हती. मतपत्रिकेवर ती होती. समाज दुभंगलेला दिसतो त्याचं निम्मं कारण, त्याला विचारलेल्या प्रश्नाला दोनच उत्तरं ठेवलेली असतात.

समजून घेणं आधी आणि मतदान नंतर, हे आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने आपल्या पद्धतीने ओळखलं होतं. तिथे अभ्यास गट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यास गटात नुसतं समजून घ्यायचं, तिथे निर्णय नाही. ग्रामसभेत निर्णय, तोही सर्वसहमतीने. समजून घेणं आणि हात वर करणं यांच्यात अंतर ठेवलं की समजून घेताना कोणाला हरायची भीती वाटत नाही.

यामागचं मानसशास्त्र बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली पूर्वग्रहांवरच्या आपल्या ग्रंथात लिहिलं, की दोन वैरी गट नुसते शेजारी आणून बसवले म्हणजे वैर जात नाही, कधीकधी वाढतं. चार गोष्टी जुळाव्या लागतात. भेटताना दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज लागावी, आणि वरच्या अधिकाराचा या भेटीला पाठिंबा असावा. मॅलाहाइडच्या टेबलावर चारही होत्या. तिथे वकील आणि मजूर दोघेही ‘सदस्य’ होते, दोघांना मिळून एक अहवाल द्यायचा होता, आणि संसदेच्या ठरावाने त्यांना बसवलेलं होतं. उलट बाजूने अमेरिकी कायदेतज्ज्ञ कॅस सन्स्टीन यांनी दाखवलंय, की एकाच मताची माणसं एकत्र बसून चर्चा करू लागली की चर्चेअंती सगळे आधीपेक्षा जास्त टोकाला गेलेले असतात. आपले बहुतेक व्हॉट्सअॅप गट असेच चालतात. तिथे खोटं कोणी बोलत नसेलही, पण विरुद्ध बाजूचा एकही माणूस नसल्याने कोणालाच आपलं वाक्य सावरून घ्यावं लागत नाही.

२०१७च्या एप्रिलमध्ये निकाल आला. ८७ टक्के सदस्य म्हणाले, कलम आहे तसं ठेवू नये. ६४ टक्के म्हणाले, कारण न विचारता गर्भपाताची मुभा असावी. डब्लिनच्या राजकीय वर्तुळाला धक्का बसला. ही सभा देशापेक्षा फार पुढे गेली, लोक हे कधीच मान्य करणार नाहीत, असं तेव्हा बऱ्याच जाणत्यांनी लिहिलं. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते इथलंच. सभेने लोकांची मतं एका वर्षात फिरवली असं झालं नव्हतं. लोक कधीचेच बदलले होते. दीड लाख बायकांच्या आया, बहिणी, नवरे, मैत्रिणी होत्याच की देशात. पण प्रत्येकाला वाटत होतं, की असं वाटणारे आपणच थोडे, बाकीचा देश अजून १९८३मध्ये आहे. टोकाचे आवाज मोठे असतात, म्हणून मधली माणसं स्वतःला एकटी समजतात आणि गप्प बसतात. ती गप्प बसतात म्हणून टोकाचेच आवाज ऐकू येतात. सभेने हे चक्र थांबवलं आणि देशाला त्याचा खरा चेहरा दाखवला.

पुढाऱ्यांनाही त्यामुळे मन बदलायला वाट मिळाली. संसदेच्या समितीने सभेचा अहवाल घेऊन काही महिने स्वतः साक्षी ऐकल्या. २०१८च्या जानेवारीत विरोधी पक्षनेते मीहॉल मार्टिन सभागृहात उभे राहिले आणि म्हणाले, की मी आजवर या बदलाच्या विरोधात होतो, सगळं ऐकून-वाचून माझं मत बदललं आहे. त्यांच्या पक्षातल्या अनेकांना ते रुचलं नाही. पंतप्रधान होते लिओ वराडकर. त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. लिओ स्वतः डॉक्टर, आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत स्वतःला गर्भपातविरोधी म्हणवणारे. त्यांनीही आपली भूमिका बदलल्याचं उघड सांगितलं. एका पक्षाचा पंतप्रधान आणि दुसऱ्या पक्षाचा विरोधी नेता, दोघेही ‘माझं आधी वेगळं मत होतं’ असं म्हणतायत. हे आपल्याकडच्या वाचकाने क्षणभर थांबून डोळ्यांपुढे आणावं.

२५ मे २०१८ला सार्वमत झालं. ६६.४ टक्के लोकांनी आठवी दुरुस्ती काढून टाकायला मत दिलं. १९८३ साली ती आणताना ६६.९ टक्के होते. जवळजवळ तोच आकडा, आता उलट बाजूला. चाळीस मतदारसंघांपैकी एकोणचाळीसांत ‘हो’ जिंकलं. मतदानानंतरच्या पाहणीत चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांनी सांगितलं, की आपल्या मतावर सर्वांत जास्त परिणाम झाला तो लोकांनी सांगितलेल्या स्वतःच्या अनुभवांचा. फलकांचा आणि पोस्टरांचा प्रभाव त्यामानाने फार थोडा. डब्लिनच्या पोर्टोबेलो भागात एका भिंतीवर सविताचं मोठं चित्र रंगवलेलं होतं. निकालाच्या दिवशी लोक तिथे येऊन छोट्या रंगीत चिठ्ठ्या चिकटवू लागले. चिठ्ठीवर चिठ्ठी चढत गेली आणि तिच्या चेहऱ्याच्या आसपास भिंत दिसेनाशी झाली. अनेक चिठ्ठ्यांवर तिची क्षमा मागितलेली होती. नंतर त्या चिठ्ठ्या काढून जपून ठेवल्या गेल्या.

पण ‘नाही’ म्हणणारे ३३.६ टक्के होतेच. दर तीन माणसांत एक. त्यांच्यापैकी अनेकांसाठी हा जिवाचा प्रश्न होता, आणि आपला देश आपल्या हातून निसटला असं त्यांना त्या रात्री वाटलं असणार. त्यांच्या संघटनांनी सभेतल्या तज्ज्ञांच्या निवडीवर पक्षपाताचा आरोप आधीपासून केला होता. गंमत अशी की सुरुवातीला बदल मागणाऱ्यांनीही सभेवर टीकाच केली होती, सरकार वेळ काढतंय म्हणून. ध्रुवीकरण ओलांडणं म्हणजे हरलेल्या बाजूने जिंकलेल्या बाजूसारखा विचार करू लागणं, असं मी मानत नाही. हरलेल्याला निकाल कडू लागला तरी तो आपल्याला फसवून लादला गेला असं वाटू नये, आणि पुढच्या कायद्यात त्याला जागा असावी, एवढं व्हायला हवं. २०१८च्या अखेरीस झालेल्या कायद्यात बारा आठवड्यांची मर्यादा आली, तीन दिवस थांबण्याची अट आली, आणि ज्या डॉक्टरच्या सदसद्विवेकाला हे काम पटत नाही त्याला ते न करण्याचा हक्क दिला गेला. तीन दिवसांच्या अटीवर बदलाच्या बाजूच्या अनेकांनी नाराजी दाखवली आणि तो वाद अजून चालू आहे. पण तो आता कायद्यातल्या कलमाविषयीचा वाद आहे.

ही रीत बिघडूही शकते, हे सांगायला हवं. २०१८च्या सुरुवातीला उघड झालं, की सभेच्या नंतरच्या एका विषयासाठी घेतलेले सात बदली सदस्य नियम मोडून, फोनवरून ओळखीपाळखीत निवडले गेले होते. त्यांना काढलं गेलं. गर्भपातावरच्या मतदानाशी त्यांचा संबंध नव्हता, पण ज्या सभेची सगळी ताकद ‘कोणीही आपला-परका न बघता निवडलेली माणसं’ यावर उभी आहे, तिथे सात जणही फार होतात. मोठा धडा २०२४च्या मार्चमध्ये मिळाला. स्त्री-पुरुष समानतेवर आणखी एक नागरिक सभा झाली होती, तिने घटनेतल्या कुटुंबाविषयीच्या आणि घरातल्या स्त्रीविषयीच्या जुन्या शब्दांत बदल सुचवले होते. सरकारने सार्वमत घेतलं, पण सभेने सुचवलेले शब्द बदलून स्वतःचे शब्द पुढे केले, आणि तेही घाईने. कुटुंबाविषयीचा प्रस्ताव ६७.७ टक्क्यांनी आणि घरातल्या काळजीच्या कामाविषयीचा ७३.९ टक्क्यांनी फेटाळला गेला. दुसरा आकडा तर आयर्लंडच्या सार्वमतांच्या इतिहासातला सर्वांत मोठा नकार. टेबलाभोवती बसलेल्या माणसांनी शब्द तोलून दिले होते, ते बाजूला ठेवले आणि लोकांना ते कळलं.

बेल्जियमच्या जर्मनभाषक प्रदेशाने २०१९पासून अशी नागरिक परिषद कायमचीच बसवली आहे, एखाद्या सरकारी खात्यासारखी. एकदा वापरून ठेवून द्यायची गोष्ट ही नाही, हे त्यांनी ओळखलं. आयर्लंडमध्येही २०१६नंतर वृद्धांचे प्रश्न, हवामानबदल, जैवविविधता, अमली पदार्थ अशा विषयांवर सभा बसत राहिल्या. त्यांच्या कित्येक शिफारशी फडताळात पडून आहेत.

२०१८च्या सार्वमतात ‘नाही’ जिंकलं तो एकच मतदारसंघ म्हणजे वायव्येकडचं डोनेगल. तिथे ५१.९ टक्के ‘नाही’ म्हणाले आणि ४८.१ टक्के ‘हो’. म्हणजे एका गल्लीतली दहा घरं धरली तर साधारण पाच या बाजूची आणि पाच त्या बाजूची. निकालानंतरच्या दिवसांत ती सगळी एकाच चर्चमध्ये, एकाच दुकानात आणि मुलांच्या एकाच शाळेच्या फाटकाशी भेटणार होती.